स्क्रोल सॉ: आतल्या कापासाठी ब्लेड घालायच्या भोकाला कितीचं ड्रिल बिट घ्यावं?

नवखा सुतार

मंडळी, नमस्कार. दिवाळीत हौसेनं १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापायचं मशीन) घेतला. पहिले दोन महिने मुलांना हत्ती-घोडे कापून दिले, आता जरा धीर आलाय. साताऱ्याच्या घराला नावाची पाटी करतोय. नाव 'आजोळ'. लाकूड ६ मिमी बर्च प्लाय, अक्षरं ७० मिमी उंच, सगळी शिरोरेषेला धरून एकसंध. भोवती कोयऱ्यांची जाळी.

बाहेरची कड जमली. गाडी अडलीय ती आतल्या भोकांवर. घरातल्या ड्रिलमधलं सगळ्यात बारीक बिट ३ मिमीचं. टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून पाहिलं, तर ब्लेड जातच नाही! ४ चं पाडलं, तरी नाही. ५ मिमीतून घासत गेलं एकदाचं. पण 'ळ'चा एकेक डोळा जेमतेम ७ बाय ५ मिमीचा आहे. त्यात ५ चं भोक पाडलं की कापायला उरतं काय? आणि व्हिडिओत तर लोक टाचणीएवढ्या भोकातून ब्लेड ओवतात. माझं नक्की कुठे चुकतंय? कितीचं बिट घेऊ? पुण्यात कुठे मिळेल?

गप्पिष्ट

५ चं भोक पाडा आणि वर लिहा, 'आमच्याकडे ळ चे डोळे वटारून मिळतील'.

टूलरूम

नवख्या, आधी एक सांग. ब्लेडच्या दोन्ही टोकांना आडवी बारीक पिन आहे का? असली तर बिटाची चर्चा नंतर. पिनवाल्या ब्लेडचं पातं कितीही बारीक असो, भोक पिनेच्या मापाचंच लागतं. म्हणजे ५ मिमी, काही ब्लेडांना ६. तुझी चूक काहीच नाही, ब्लेडची जात चुकलीय.

नवखा सुतार

हो काका, पिनच आहे. मशीनबरोबर सहा ब्लेडं आली होती, सगळी पिनवाली. दुसरी असतात हेच माहीत नव्हतं.

टूलरूम

मशीनच्या खोक्यात परत हात घाल. या मापाच्या बऱ्याच मशीनबरोबर दोन छोटे ठोकळे येतात, बाजूला स्क्रू असलेले, सोबत एक ॲलन की. लोक त्यांना सुटे भाग समजून ड्रॉवरमध्ये टाकतात. ते बिनपिनच्या ब्लेडचे होल्डर. बिनपिनचं ब्लेड ५ इंच लांब, म्हणजे १२७ मिमी, दोन्ही टोकं सपाट. ते आलं की तुझा प्रश्न ५ मिमीवरून एक-सव्वा मिमीवर येतो.

खारे वारे

मी पिन दोन्ही बाजूंनी कानशीने घासून आखूड केली होती. ४ मिमीच्या भोकातून जायची. तोवर चालवून घ्या.

टूलरूम

खारे वारे, रागावू नका, पण हे शिकवू नका. पिन आखूड झाली की खाचेत तिचा ठाव कमी होतो. मशीन मिनिटाला हजारभर वेळा वरखाली होतं. कुठल्यातरी झटक्याला पिन खाचेतून सुटते आणि पातं जॉबमध्ये अडकून वाकतं. शिवाय ५ चं ४ झालं म्हणून 'ळ'चं काय भलं झालं?

खारे वारे

बरोबर आहे. दोनदा सुटली होती खरी. तिसऱ्यांदा मशीनच विकलं. :)

केतकी एडिसन

नमस्कार, मी न्यू जर्सीतून. आठ वर्षं स्क्रोल सॉ चालवतेय, इथल्या मंडळाच्या गणपतीचं मखर दरवर्षी माझ्याकडे असतं. काकांनी दुखणं अचूक पकडलंय.

बिनपिनच्या ब्लेडांना नंबर असतात: २/०, १, ३, ५, ७, ९, १२ असे. नंबर वाढला की पातं रुंद आणि जाड होतं. आता इथे एक गंमत आहे, तिच्यावर मी पहिल्या वर्षी आपटले होते. अमेरिकन पॅटर्नवर 'भोक ६० नंबर बिटाने पाडा' असं लिहिलेलं असतं. बिटांचे नंबर उलटे चालतात! नंबर वाढला की बिट बारीक. ५२ नंबर म्हणजे १.६१ मिमी, ६० म्हणजे १.०२ आणि ७० म्हणजे ०.७१. मी '७ नंबर ब्लेडला ७० नंबर बिट' असा सरळ हिशेब केला आणि तासभर डोळे फोडत बसले. भारतात सहसा मिमीचीच बिटं मिळतात, तेव्हा तुमचा हा ताप बहुतेक वाचला. इंची मापाचा पॅटर्न हाती आला तर एवढं लक्षात ठेवा: १/१६ इंच म्हणजे १.५९ मिमी, ३/६४ म्हणजे १.१९.

नवखा सुतार

होल्डर सापडले!! ड्रॉवरमध्येच होते, खिळ्यांच्या डब्यात. काका, तुम्ही आमच्या घरी कधी येऊन गेलात का?

मग आता ५ नंबरचं ब्लेड घेतलं तर कितीचं बिट? कुठे १ मिमी लिहिलंय, कुठे १.२, कुठे १.६.

टूलरूम

तिन्ही बरोबर असू शकतं, पण वेगवेगळ्या नंबरच्या ब्लेडांना. कसं ते बघ.

ब्लेड गोल नाही, पट्टी आहे. ५ नंबरचं पातं साधारण ०.९७ मिमी रुंद आणि ०.४१ जाड. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं. गोल भोकातून पट्टी जायची तर भोक तिच्या कर्णापेक्षा मोठं हवं, नुसत्या रुंदीपेक्षा नाही. कर्ण निघतो १.०५. म्हणजे १ मिमीच्या भोकातून ते जाणार नाही. जाईल असं वाटेल, दात अडकतील. १.१ मधून घासत जाईल, १.२ मधून सुखाने जाईल. ३ नंबरसाठी १ मिमी पुरतं. ७ नंबरचा कर्ण सव्वा मिमीच्या आत-बाहेर, त्याला १.४ किंवा १.५. ९ ला १.६. १२ नंबर म्हणजे दीड मिमीच्या वर रुंद पट्टी, त्याला सरळ २ चं भोक पाड. आणि २/० चं केसासारखं ब्लेड ०.७ मधून जातं, पण त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नकोस.

माझं मत विचारशील तर हा तक्ता पाठ करायची गरज नाही. कॅलिपर असेल तर ब्लेडची रुंदी मोज, त्यात पाव मिमी मिळव, तेवढं बिट घे. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, कॅटलॉगपेक्षा हातातल्या वस्तूचं माप खरं.

केतकी एडिसन

काकांशी सहमत, पण मी एक पाऊल पुढे जाईन. ब्लेड ज्यातून कसंबसं जाईल असं सगळ्यात बारीक भोक शोधायच्या नादाला लागूच नका. भोक टाकाऊ भागात पडतं. तो तुकडा शेवटी कचऱ्यात जाणार. मग भोक जागेत मावेल तितकं मोठं का नको? मखराच्या जाळीत माझी तीनशे-साडेतीनशे भोकं असतात. त्यातली नव्वद टक्के मी २ मिमीने पाडते, ब्लेड कुठलंही असो. ब्लेड खालून वर ओवताना टेबलखाली काही दिसत नाही, नुसतं चाचपडायचं. २ मिमीत पहिल्या फटक्यात सापडतं. १.२ मध्ये सुईत दोरा ओवल्यासारखं होतं, आणि तेही चाळिशीचा चष्मा लावून.

बारीक बिट फक्त तिथे, जिथे दोन रेघांमध्ये जागाच नाही. मोराच्या पिसाची शीर, डोळ्याची बाहुली, असलं काही.

टूलरूम

जाळीला मान्य. पण त्याच्या 'ळ'ला २ चं घाई होईल. ५ मिमीच्या डोळ्यात मधोमध पाडलं तर दोन्हीकडे दीड-दीड मिमी उरतात. हात नवा, बिट सरकलं की गेली रेघ.

केतकी एडिसन

मधोमध पाडायचंच कशाला? डोळ्याच्या निमुळत्या टोकाकडे, रेघेपासून मिलिमीटरभर आत. तिथून ब्लेड लगेच रेघेला लागतं. मधोमध पाडलं की आधी रेघेपर्यंतची वाट कापत जायची. एका भोकाला काही वाटत नाही, तीनशे भोकांना वाटतं. पण 'ळ'ला १.२ घ्या, काकांचंच ऐका.

नवखा सुतार

आज तपकीर गल्ली आणि बोहरी आळी पालथी घातली. बोहरी आळीत १ मिमी आणि १.२ मिमीची एचएसएस (हाय स्पीड स्टीलची) बिटं मिळाली. दुकानदार म्हणाला, "दोन-चार जास्त न्या, परत याल." मी हसलो.

संध्याकाळी चार बिटं मोडली. :( पहिली दोन ड्रिलच्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) धरलीच जात नव्हती, मध्येच सुटून फिरायची. कागद गुंडाळून बसवली तर वाकडी फिरली आणि तुटली. पुढची दोन आत गेली, प्लायमध्येच राहिली. एक तर 'ज'च्या पोटात आहे अजून.

सोनारपेठ

कोल्हापूरहून. आमचा पिढीजात धंदा दागिन्यांचा, लाकडातलं मला फार कळत नाही, पण बारीक भोकात आमचं आयुष्य गेलं. चांदीच्या जाळीकामाला आमचं ब्लेड केसाएवढं असतं आणि भोक अर्ध्या-पाऊण मिमीचं. आजोबा सामत्यानं पाडायचे, धनुकली ओढून. वीज नाही, मोटर नाही, पण बिट मोडलेलं मी पाहिलं नाही. कारण सामता हातात बोलतो. अडलं की लगेच कळतं, माणूस थांबतो. तुमचं हातातलं ड्रिल किलो-दीड किलोचं. मनगट जरा कललं की सगळा भार त्या एक मिमीच्या काडीवर. ती मोडेल नाहीतर काय करेल?

हात-चक आणा. पेनाएवढी दांडी, पुढे छोटा जबडा, मागे तळहातात फिरणारी टोपी. बोटांनी फिरवायचं. ६ मिमी प्लायला एका भोकाला मिनिटभर लागेल. 'ळ'चे दोन डोळे आहेत, दोन मिनिटं. आधी टोच्यानं खूण करा, नाहीतर बिट लाकडाच्या रेषेबरोबर घसरतं. आणि बिट मेणावर एकदा फिरवून घ्या.

टूलरूम

सोनारपेठ, वा! 'सामता हातात बोलतो', हे लिहून ठेवतो.

नवख्या, चकचं सांगतो. तुझं चक १३ मिमीचं असणार. ते बहुधा दीड मिमीच्या खाली धरतच नाही, जबडे मिटले तरी मध्ये फट राहते. त्यावर कागद हा उपाय नव्हे. ड्रिलच्या चकमध्ये हात-चकची दांडी धर आणि त्यात बिट. बिट जितकं कमी बाहेर ठेवशील तितकं कमी वाकेल. लाकडाच्या जाडीपेक्षा तीन-चार मिमी जास्त, बस्स. ड्रिल उभं धरणारं छोटं स्टँड मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण बारीक बिटाला वेग हवा, जोर नको. आणि एका दमात आरपार जाऊ नकोस. दोन मिमी आत, बाहेर काढ, भुसा झटक, परत आत. बिटाच्या नळ्यांत (अंगावरच्या पिळदार खाचांत) भुसा ठासला की ते फिरायचं थांबतं, मोटर थांबत नाही. तुझी शेवटची दोन त्यातच गेली.

खारे वारे

सर्किट बोर्डाची बिटं का नाही घेत? तपकीर गल्लीत मिळतील, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगानं. मागची दांडी सगळ्यांची एकच, १/८ इंच, म्हणजे ३.१७५ मिमी. कुठल्याही चकमध्ये बसतात, पुढे ०.५ असो की १.५.

सोनारपेठ

बसतात खरी. पण ती कार्बाइडची. धार उत्तम, अंगात लवचीकपणा शून्य. स्टँडवर राणी, हातातल्या ड्रिलवर काच. एचएसएस जरा वाकून तरी सांगतं, ही न सांगता जातात. आणि तुकडा डोळ्याकडे उडतो, चष्मा लावा.

मनमाडकर

मध्येच घुसतो, माफ करा. मी १८ मिमी सागवानात देव्हाऱ्याची जाळी करतोय. ५ नंबर ब्लेड, १.२ चं बिट. आरपार जातच नाही. बिटाचा दोष की माझा?

टूलरूम

दोघांचाही नाही, लांबीचा. नेहमीच्या एचएसएस बिटाच्या नळ्या किती लांब असाव्यात हे ठरलेलं असतं. १ मिमीचं बिट एकूण ३४ मिमी, त्यात नळ्या फक्त १२. तुमचं १.२ चं ३८ मिमी, नळ्या १६. दीडचं ४०, नळ्या १८. दोनचं ४९, नळ्या २४. आता १८ मिमीच्या लाकडात १६ मिमीच्या नळ्या घातल्यावर उरलेल्या दोन मिमीचा भुसा जाणार कुठे? बिट आत जळतं. धूर आला असेल, सागाचा वास छान येतो, पण तो वेगळ्या कारणानं यावा.

१८ मिमीला २ चं बिट घ्या. तसंही एवढ्या जाड सागाला ५ नंबर ब्लेड नाजूक आहे, ७ किंवा ९ लावा. साग ब्लेडची धार लवकर खातो, त्यात वाळूचा अंश असतो. २ मिमीतून ९ नंबरसुद्धा आरामात जाईल.

केतकी एडिसन

हेच थप्पी लावून कापणाऱ्यांनाही लागू. ६ मिमीचे तीन थर चिकटपट्टीने बांधले की झाले १८. मी थप्पीला कायम २ मिमी आणि कायम स्टँड वापरते. बिट जरा कललं तर वरच्या थरात भोक कचऱ्यात असतं आणि खालच्या थरात कोयरीच्या पाकळीवर निघतं. सुटं करेपर्यंत कळतही नाही. २०१९ चं मखर असंच गेलं होतं. भोकं बुजवून वर झेंडूच्या माळा सोडल्या. सगळे म्हणाले, यंदा सजावट भरगच्च आहे.

नवखा सुतार

हात-चक आणलं. दुकानात 'पिन व्हाइस' म्हटल्यावर दिलं. १.२ च्या बिटानं 'ळ'चे दोन्ही डोळे भोकले, न मोडता! ब्लेडही गेलं. पण आता नवीन भानगड. खालच्या बाजूला भोकाभोवती प्लायच्या सालपटांचा काटेरी झुबका आलाय. पाटी टेबलवर सपाट बसत नाही, सरकवताना अडखळते. त्या नादात डावा डोळा जरा चौकोनी झाला.

टूलरूम

खाली टाकाऊ फळी घट्ट लावून भोक पाडायचं. बिट बाहेर पडताना खालच्या थराला टेकू मिळाला की साल फाटत नाही. फळी दर वेळी नवी जागा बघून सरकव, जुन्या भोकावर ठेवलीस तर टेकूच नाही. सगळी भोकं झाली की खालून एकदा २२० चा पॉलिश पेपर, मगच मशीनवर.

केतकी एडिसन

आणि ब्लेड ओवायला अडलं तर वरच्या टोकाचा कोपरा कानशीवर किंचित तिरका घासा, टोकदार होतो. सपाट टोक भोकाच्या कडेला अडतं, टोकदार आपली वाट शोधतं. फक्त होल्डरमध्ये जाणारा भाग बिघडवू नका, ब्लेड सटकेल. हो, आणि ओवताना दात खाली हवेत. भोकात उलटं घातलं तर चालू केल्यावर पाटी उड्या मारते.

अजून एक, 'ळ'बद्दल. पुढच्या वेळी फॉन्ट आहे तसा छापू नका. पडद्यावरचा 'ळ' जाड केला की त्याचे डोळे मिटतात. मी अक्षर छापून त्यावर हाताने डोळे मोठे करते, मधला सांधा तेवढा चार मिमीचा ठेवून. 'ष' आणि 'ब'च्या पोटातल्या आडव्या रेघेलाही हेच करावं लागतं. इंग्रजी पाट्या करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना एका 'बी'त दोन भोकं पडली की दमायला होतं. त्यांना मी 'कृष्णाई' कापून दाखवलं होतं.

गप्पिष्ट

नवखे, चौकोनी डोळ्याचा 'ळ' कधी दाखवताय?

नवखा सुतार

लावली पाटी. डावा डोळा गोल कानशीनं बराच सावरला, आता फक्त मला दिसतो. बाबांना दाखवला तर म्हणाले, "कुठे आहे?" आईनं मात्र लगेच 'ज'च्या पोटातला चमकणारा ठिपका पाहिला आणि विचारलं, ही टिकली कसली. बिटाचा तुकडा होता. पाठीमागून काढायला गेलो तर प्लाय उचकटायला लागला, म्हणून राहू दिला.

जाळीची ४६ भोकं केतकीताईंच्या सांगण्याप्रमाणे २ मिमीने पाडली. तासाभरात झाली. 'ळ'च्या दोन भोकांना चार दिवस लागले होते.

मनमाडकर

माझंही जमलं. २ चं बिट, ९ चं ब्लेड. टूलरूमकाका, आभार. आता घरचे म्हणतायत की देव्हाऱ्यामागे ॲक्रिलिकची ओंकाराची जाळी पण कर, ३ मिमीची. तिलाही २ च चालेल ना?

टूलरूम

भोक २ च ठेवा. पण नेहमीची धारदार बिटं ॲक्रिलिकला बाहेर पडताना ओढतात आणि कडेला तडा जातो. बिटाच्या दोन्ही धारा तेलपाटीवर (धारेच्या दगडावर) एकेकदा हलक्या हाताने सपाट करून घ्या, म्हणजे ते खणत नाही, खरवडतं. खाली फळी पाहिजेच. ब्लेड बारीक दाताचं लावू नका, ॲक्रिलिक वितळून मागे परत चिकटतं आणि कापलेला तुकडा निघत नाही. वेग कमी, वर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी. आणि कागदाचं आवरण काम संपेपर्यंत काढू नका.